गंगेत सोडलेली एकबारी

बंदुकीला कुंकू लावू नका, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. पण ऐकतंय कोण? खंडेनवमी आली की आमच्या परभणी जिल्ह्यातली झाडून सगळी हत्यारं पाटावर बसतात. विळा, कोयता, नांगराचा फाळ, शिलाई मशीन, दारात ट्रॅक्टर, आणि ज्याच्या घरी असेल त्याची बंदूक. तिला आधी पाण्यानं अंघोळ, मग हळद, मग कुंकू, वर ओल्या झेंडूचा हार. नारळ फोडला की त्याचं पाणी शिंपडायचं तेही नेमकं नळीवर. फाळाला काय होतंय, तो चार दिवसांनी मातीत घासून पुन्हा लख्ख. बंदूक मात्र तशीच कपाटात जाते, आणि दिवाळी होईस्तोवर जिथं जिथं बोट टेकलं होतं तिथं तिथं लाल चट्टा उठतो. मग माणसं ती फडक्यात गुंडाळून माझ्या दुकानात येतात आणि वर मलाच विचारतात, बाई, एवढा जंग कशानं चढला असंल? कशानं म्हणजे? तुमच्या भक्तीनं चढला.

हो, बाईच. बंदूक दुरुस्तीचा परवाना माझ्या नावावर आहे. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा तो होता. ते गेल्यावर भावानं मोबाइलचं दुकान टाकलं आणि मी हे धरलं. अजूनही नवं गिऱ्हाईक उंबऱ्यातून डोकावतं आणि विचारतं, "मालक कुठं गेलेत?" मी म्हणते, मालक तुमच्याशीच बोलायलेत, आत या. काहीजण ओशाळून हसतात. काहीजण पुन्हा बाहेर जाऊन पाटी वाचून येतात. पहिल्या पहिल्यांदा मला याचा लय राग यायचा. आता मी तो राग जपून ठेवते, दुसरीकडं लागतो.

माझा जीव मात्र दुरुस्तीच्या बंदुकांत नाही. तो जुन्या एकबारींत आहे. एक काडतूस घालायचं, एक बार काढायचा, मग चापाखालचं कडं ओढून रिकामं काडतूस बाहेर उडवायचं आणि पुन्हा दुसरं घालायचं. बस. भराभर गोळ्या सुटायचा प्रकार नाही. चुकलात तर चुकलात, डुक्कर काही तुमची वाट बघत थांबत नाही. निजामाच्या काळात जहागीरदार, देशमुख, शिकारी यांच्याकडं अशा रायफली होत्या. आता त्यांची काडतुसंच निघत नाहीत. मग घरच्यांना ती अडगळ वाटते. अशा मी गोळा करते. ठाण्यातल्या साहेबासमोर आतली पिन काढून घ्यायची, बार निघणार नाही अशी करायची, कागदावर जुनी शोभेची वस्तू म्हणून लिहून घ्यायची आणि मग भिंतीवर लावायची. नातेवाईक म्हणतात, हिला पोरीबाळींसारखे दागिने करायचे सोडून लोखंड गोळा करायचं याड लागलंय. लागलंय तर लागलंय. तुमच्या खिशातून तर जात नाही ना?

जुनी रायफल नीट करणं म्हणजे ती नवी करणं नव्हे, हे अण्णांनी मला डोक्यात टपली मारून मारून शिकवलं. कानस लावायची नाही, चाकावर धरायची नाही. जंगावर तेल सोडून ठेवायचं आणि मग ढब्बू पैशाच्या कडेनं हळूहळू खरवडायचं. तांबं पोलादापेक्षा मऊ असतं, ते जंग काढतं पण खालच्या नळीला ओरखडा पाडत नाही. अण्णांचा तो पैसा अजून माझ्याकडं आहे, घासून घासून त्याची एक कड सपाट झालीय. लाकडी दस्त्यात खड्डा पडला असेल तर त्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवायची, वाफेनं लाकूड फुगून वर येतं. शेवटी जवसाचं तेल, तेही फडक्यानं नाही, तळहातानं. हात गरम होईस्तोवर चोळत राहायचं. आमच्या गल्लीतल्या एका शहाण्यानं मला दस्त्याला इस्त्री करताना बघितलं आणि गावभर सांगत सुटला की बाई बंदुकीची घडी घालायलीय.

आता मूळ गोष्टीवर येते, कारण ती सांगितल्याशिवाय माझा राग उतरायचा नाही. सांगूनही उतरेल असं वाटत नाही.

माझ्या आत्याच्या घरी, पोखर्णीच्या पुढं आडबाजूच्या एका गावात, अशी एक एकबारी होती. आत्याच्या सासऱ्याला ती एका जहागीरदारानं दिलेली. सासऱ्यानंतर ती आत्याच्या नवऱ्याच्या नावावर आली, मग थोरल्या मुलाच्या, म्हणजे माझ्या आतेभावाच्या. त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. पिन कधीच काढलेली, कागद वगैरे सगळं रीतसर. बैठकीत दोन खुंट्यांवर ती आडवी असायची आणि दर खंडेनवमीला तिची पूजा व्हायची. गावात सगळे सांगायचे, मामांनी, म्हणजे आत्याच्या नवऱ्यानं, हिच्या एका बारात रानडुक्कर पाडलं होतं.

ते साफ खोटं. डुक्कर आत्यानं पाडलं होतं. नवी नवरी होती ती तेव्हा. मामा कापूस घेऊन सेलूला गेलेले, सासरा तापानं फणफणलेला, आणि डुकरं भुईमुगात शिरली. सासऱ्यानं पडल्या पडल्या तिला काडतूस कसं घालायचं ते सांगितलं आणि ही पदर खोचून बांधावर जाऊन उभी राहिली. सासऱ्यानं एकच काडतूस दिलं होतं. दुसरं मागायची छाती झाली नाही, असं ती सांगायची. मामा सेलूहून परत आले तोवर डुक्कर दारात पडलेलं. आणि लोकांनी विचारल्यावर सासऱ्यानं सांगितलं, पोरानं मारलं. का, तर सुनेनं बंदूक धरली म्हटलं की घराण्याचं नाक जातं. मामा चांगले माणूस होते, पण त्यांनीही कधी हूं का चूं केलं नाही. आत्या म्हणायची, "जाऊ दे. तिला ठावं हाय कोणी धरली व्हती ते." तिला म्हणजे बंदुकीला.

गेल्या वर्षी आत्या मोरीत घसरली आणि तिचा खुबा मोडला. डॉक्टरांनी वयाकडं बघून हात लावला नाही. तेव्हापासून ती आतल्या खोलीत बाजेवर. मी भेटायला गेले तर तिनं माझा हात धरला आणि म्हणाली की ती बंदूक तू घेऊन जा. माझ्या माघारी ही पोरं तिला भंगारात घालतील. पण त्याआधी तिचं कडं एकदा चालू कर, मला तो आवाज ऐकायचाय. कडं जंगानं कधीचं धरलेलं होतं. कडं ओढल्यावर होतो तो खटाक आवाज तिला मरायच्या आत एकदा ऐकायचा होता, एवढंच. सोनं मागितलं नाही, काशी मागितली नाही. दादानंही मान डोलावली. म्हणाला, "आईची विच्छा हाय तर ने की. आमाला काय करायचीय?"

मग भादव्यात मी हत्यारं घेऊन गेले आणि आत्याच्या बाजेशेजारीच चादर अंथरून बसले. रायफल खोलली. नळी आतून अजून चांगली होती, देवाची कृपा म्हणायची की त्यांनी नारळाचं पाणी आत ओतलं नव्हतं. कड्यात तेल सोडलं, ते थोडं हलायला लागलं. आत्या कुशीवर वळून बघत होती आणि मला जुन्या गोष्टी सांगत होती. मग दस्ता नळीपासून सोडवला तर मानेजवळ, जिथं मूठ धरतात तिथं, लाकडाला तडा. बारीक होता, पण आरपार होता. कधीतरी भिंतीवरून पडली असणार.

मी दादाला आणि वहिनीला बोलावून तो तडा दाखवला. आपण डॉक्टर असल्यासारखं नीट समजावून सांगितलं. म्हटलं, तडा गेलाय, पण भिऊ नका, जुडतो. गरम सरस आत सोडायचा, पितळी स्क्रू बसवायचा, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधायची आणि सुकू द्यायचा. पण हे काम इथं होत नाही, मला ती घरी न्यावी लागेल. वहिनी म्हणाली, आता नवरात्र तोंडावर आलंय, वर्षाची पूजा चुकवून हत्यार घराबाहेर कसं काढायचं? नवमी होऊ द्या, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी घेऊन जा. मला ते पटलं नाही, पण त्यांच्या घरातली वस्तू आणि त्यांच्या घरातला सण. मी रायफल पुन्हा जोडून खुंट्यांवर ठेवली आणि दहादा बजावलं की पाणी लावू नका, कुंकू लावायचंच असेल तर दस्त्याला लावा, लोखंडाला नको. वहिनी हो हो म्हणाली.

दसरा झाला आणि मी गेले. जाताना सरस घेतला होता, स्क्रू घेतला होता, ट्यूबची पट्टीसुद्धा कापून घेतली होती. बैठकीत पाय ठेवला तर खुंट्या मोकळ्या. त्यांच्यावर सुकलेला झेंडूचा हार लटकत होता. मला वाटलं, माझ्यासाठी काढून ठेवली असेल. दादा म्हणाला, बस, चहा घे. चहा आला. मग म्हणाला, पाऊसपाणी कसं काय परभणीकडं? अरे, परभणीचा पाऊस काय आणि तुझा पाऊस काय, मधे तासाचा रस्ता. मी विचारलं, रायफल कुठंय? त्यानं वहिनीकडं बघितलं. वहिनीनं पदर सावरला आणि सांगितलं.

आमच्याकडं तडकलेला देव घरात ठेवत नाहीत. टाक झिजला, मूर्तीचा कान उडाला, की त्याला वाहत्या पाण्यात सोडतात आणि नवा आणतात. त्याला माझं काही म्हणणं नाही, माझ्या आईनंही सोडलेत. पण या दोघांनी काय करावं? मी तडा दाखवून गेले त्या रात्री वहिनीला झोप आली नाही म्हणे. तिनं हिशेब मांडला. बोअर आटला, दादाचा गुडघा धरला, पोरीची जमत आलेली सोयरीक मोडली, सासूचा खुबा गेला. हे सगळं कशानं? आपण तडा गेलेल्या हत्याराची पूजा करत होतो म्हणून. आता कळल्यावरही घरात ठेवली तर जाणून केलेलं पाप. मग नवमीला तिची शेवटची पूजा केली, नव्या खणात गुंडाळली, तांदूळ, खारीक, हळकुंड घालून ओटी भरली, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला, जीप करून गंगाखेडला नेली आणि घाटावर आरती करून गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, सोडली. हे सांगताना वहिनीचे डोळे भरून आले होते. म्हणाली, "लय मानानं सोडली हो वन्सं. कायबी कमी केलं न्हाई."

मी काय बोलले ते सगळं इथं लिहिता येणार नाही. दादाला मी जन्मभर अहो-जाहो केलं, त्या दिवशी अरे-तुरेवर आले. म्हटलं, जुडतो म्हणून सांगितलं होतं ना तुला? तुझ्या डोळ्यांसमोर बोट लावून सांगितलं होतं. तुझा गुडघा धरला तेव्हा तू डॉक्टरकडं गेलास की गंगाखेडला? लाकूड आहे ते, देव नव्हे. आणि देव मानता तर देवाचं ऐकायचं होतंत, त्याची पूजा त्या म्हातारीनं केली होती, एका काडतुसानं. दादा खाली मान घालून बसला. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं, भांडून तरी मोकळी झाले असते. तो नुसता म्हणत होता, झालं ते झालं, आता काय करतेस.

तेवढ्यात आतून आत्याची हाक आली. "पोरी, तू आलीस व्हय? झाली का गं माझी?"

मला काही कळेना. दादा घाईघाईनं उठला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, आईला आम्ही सांगितलंय, तू ती दुरुस्तीला परभणीला नेलीस म्हणून. तिला कशाला तरास. तेव्हा मला कळलं की यांनी नुसती रायफल बुडवली नाही, वर मला चोर करून ठेवलंय. म्हातारीच्या लेखी तिची बंदूक माझ्या घरी होती. मी आत गेले. आत्या उशीवरून मान उचलून बघत होती. माझ्या हातात काही नाही हे बघून ती खट्टू झाली. मी म्हणाले, "व्हायलीय, आत्या. वेळ लागतो." हे माझ्या तोंडून निघालं आणि त्या वेळी मला त्या दोघांचा जेवढा राग आला तेवढा कुणाचाच कधी आला नाही.

दुसऱ्याच दिवशी मी गंगाखेडला गेले. दादाला बळंच बरोबर नेला, जागा दाखवायला. घाटावर एक भोई भेटला. लोकांनी पाण्यात टाकलेली नाणी, भांडी तो दोरीला लोहचुंबक बांधून आणि बुड्या मारून काढतो. त्याला सांगितलं, असं असं आहे. त्यानं दादाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाला की ताई, देव लय काढलेत, बंदूक काढायची पहिलीच खेप. पाणी तुडुंब होतं, गढूळ होतं. तो दिवसभर शोधत राहिला. काय काय निघालं म्हणून सांगू. कान तुटलेले गणपती, फुटक्या काचेच्या तसबिरी, एक कुलूप, एक अख्खी फवारणीची टाकी. लोकांना घरात जे नको होतं ते सगळं त्यांनी नमस्कार करून तिथं ढकललं होतं. उन्हं कलली तेव्हा त्याच्या हाताला वहिनीचा खण लागला. खणाला गाठ तशीच होती, पण आत काही नव्हतं. जड वस्तू घसरून गाळात गेली असेल नाहीतर आपल्या आधी कुणाच्या तरी चुंबकाला लागली असेल, असं तो म्हणाला. दादानं तो ओला खण पिळून घडी घालून माझ्याकडं दिला. मी तो त्याच्या अंगावर फेकला. ठाण्यात जाऊन कागदावरची वस्तू गंगेत गेली हे मीच त्याला सांगायला लावलं. तिथल्या साहेबानं कपाळाला हात लावला.

मग सुरू झाले आत्याचे फोन. नातवाकडून फोन लावून घ्यायची आणि विचारायची, "झाली का गं?" मी कधी म्हणायची, सरस सुकायलाय. कधी म्हणायची, तेल मुरवत ठेवलंय. एकदा तर मी तिला जवसाचं तेल तळहातानं कसं चोळायलेय हे इतकं रंगवून सांगितलं की माझे माझेच हात गरम झाले. फोन ठेवल्यावर मला माझीच किळस आली. घरी कुणी नुसतं जेवायला चल म्हटलं तरी मी वसकन अंगावर जायची.

त्यात एक दिवस दादाचा फोन. म्हणाला, असं करू. तुझ्याकडं भिंतीवर तसल्या लय हायेत. त्यातली एखादी आणून दाव. आईला मोतीबिंदू हाय, तिला कुठं कळायलंय? कडं ओढून आवाज ऐकव आणि परत ने. म्हातारीचा जीव शांत होईल, तुझ्या डोक्याचाही ताप जाईल.

मी त्याला लाखोली वाहिली आणि फोन आपटला. पण खरं सांगते, त्यानंतर मी उठले आणि खरंच एक उतरवली. जवळपास तशीच, तेवढ्याच लांबीची. कडं ओढून बघितलं. खटाक. आवाज अगदी छान आला. मी ती चादरीत गुंडाळली, रिक्षावाल्याला बसस्टँडला सोड म्हणून सांगितलं, आणि चप्पल घालता घालता माझ्या डोळ्यांसमोर आला आत्याचा सासरा, बाजेवर पडून गावाला सांगणारा, पोरानं मारलं. तिच्या आयुष्यातली एक गोष्ट एकदा दुसऱ्याच्या नावावर लावून झाली होती. आता मी दुसरी बंदूक तिच्या हातात ठेवून म्हणणार होते, ही घे, तुझीच. मी रायफल परत भिंतीवर ठेवली आणि मोकळ्या हातानं गाडीत बसले.

गेले तेव्हा आत्या सुपारी कातरत होती. दादा, वहिनी दोघंही घरीच होते. मी बाजेवर तिच्या पायाशी बसले आणि काही न लपवता सगळं सांगितलं. तडा, नवमी, जीप, गंगाखेड, भोई, खण. मी फोनवर बोलले ते खोटं होतं हेही सांगितलं. दादा दारात येऊन उभा राहिला होता. तो मधेच म्हणाला, आई, तुला तरास नको म्हणून. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. अडकित्ता मिटवून चंचीत ठेवला. मला वाटलं रडेल. रडली असती तर मीही रडले असते.

मग ती दादाला म्हणाली, "तडा गेला म्हून सोडली का रे? तडा तर माझ्या खुब्यालाबी गेलाय. मला कवा नेतूस गंगाखेडला?"

दादा म्हणाला, आई, असं काय बोलायलीस. वहिनी तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. आत्यानं तिला परत हाक मारली, तीही रागानं नाही, साध्या आवाजात, माझी लुगडी बांध म्हणून. मग दादाला म्हणाली, "तिला दुरुस्तीला परभणीला धाडली म्हणालास न्हवं? खोटं बोललास ते खरं कर. मला धाड." दादानं लय विनवण्या केल्या. लोक काय म्हणतील, दोन दोन पोरं असताना म्हातारी भाचीकडं. आत्या म्हणाली, लोकांना सांग पोरानं पाडलं डुक्कर. हे दादाला कळलं नाही. मला कळलं, आणि त्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा मला हसू आलं.

जीप तीच केली, गंगाखेडला गेलेली. मागच्या सीटवर गादी टाकून आत्याला आणली. आता तिची बाज माझ्या दुकानामागच्या खोलीत आहे. मधलं दार उघडं ठेवलं की तिला गिऱ्हाइकांचं सगळं ऐकू येतं, आणि कुणी मालक कुठं गेलेत विचारलं की आतून तिचाच आवाज येतो, समोर बसलीय ती दिसंना का. दुपारी मी एखादी एकबारी तिच्या मांडीवर ठेवते. ती तळहातानं जवसाचं तेल चोळते, कडं ओढते, आवाज ऐकते आणि मला परत देते. कधी म्हणते चांगली हाय. तिच्या रायफलीबद्दल बोलत नाही. मीही बोलत नाही. पाणी उतरल्यावर तो भोई आणखी दोनदा उतरला होता, काही मिळालं नाही.

माझा राग गेला का, तर नाही गेला. परवाच एकजण डबल बार घेऊन आला, नळीवर पाची बोटं उठलेली, कुंकवाची. मी त्याला इतकं बोलले की तो बंदूक तिथंच टाकून पानटपरीवर जाऊन उभा राहिला.

दादाचा फोन येतो. आता वाईट वाटतंय त्याला, आवाजावरून कळतं. पुन्हा नवरात्र आलंय, घर सुनं वाटायलंय, म्हणतो. आईला कधी धाडतेस, विचारतो. मी म्हणते, तडा मोठा आहे दादा, सुकायला वेळ लागतो. आणि फोन ठेवते.